शैवालतेलाच्या डीएचए कॅप्सूल : सहा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

आई ७१ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिचे शब्द अडू लागले. रोज भेटणाऱ्या माणसाचे नाव ओठांवर येऊन थांबायचे, सकाळी सांगितलेला निरोप संध्याकाळपर्यंत निसटून जायचा, आणि अशा वेळी तिचा चेहरा इतका कावराबावरा व्हायचा की तिला आधार देणारे जे काही मिळेल ते आणावे, अशी माझी मनःस्थिती झाली होती. त्याच मनःस्थितीत ही बाटली घरात आली. सूक्ष्मशैवालापासून काढलेल्या, डीएचए हे ओमेगा-३ मेदाम्ल (मेदाचा एक घटक) असलेल्या तेलाच्या ६० मऊ कॅप्सूल, रोज दोन घ्यायच्या, म्हणजे महिनाभराचा साठा. आणि दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘३० दिवसांत तल्लख स्मरणशक्ती’ असे आश्वासन. आम्ही दोघींनी त्या सहा महिने नेमाने घेतल्या. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढची बहुतेक निरीक्षणे या प्रकारच्या कोणत्याही कॅप्सूलला लागू पडतील, आणि जी एक तक्रार आहे ती माझ्या एका बाटलीपुरती आहे.

सुरुवात करण्यापूर्वी आईच्या डॉक्टरांना विचारले, हे फार बरे झाले. त्यांनी आधी रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायला लावले, कारण यांतले काही कमी पडले तरी विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. झोप कशी लागते, ऐकू नीट येते का, कोणती औषधे चालू आहेत, याचीही त्यांनी सविस्तर चौकशी केली. तपासण्या ठीक निघाल्यावर, आणि आई रक्त पातळ करणारे कोणतेही औषध घेत नाही याची खात्री करून घेतल्यावरच त्यांनी होकार दिला. बाटली घेण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हा क्रम पाळावा, असे मला मनापासून वाटते. साध्या बी-१२च्या कमतरतेवर कोणी महिनोन्महिने तेल घेत बसला, तर त्यात वेळ वाया जातो आणि हा वेळ परत मिळत नाही.

आता बाटलीविषयी. समोर मोठ्या अक्षरांत छापलेले ‘१००० मिलिग्रॅम’ हे तेलाचे वजन आहे, आणि तेही दोन कॅप्सूलचे मिळून. मागच्या बारीक छपाईत डीएचए ४०० मिलिग्रॅम आणि ईपीए (दुसरे एक ओमेगा-३ मेदाम्ल) नाममात्र, अशी खरी नोंद सापडते. उरलेले तेल म्हणजे इतर मेदाम्ले आणि तेल टिकावे म्हणून घातलेले थोडे ई जीवनसत्त्व. आकडा खोटा नाही. परंतु मी स्वतः पहिले दोन आठवडे एकच कॅप्सूल घेत होते आणि हजार मिलिग्रॅम ओमेगा-३ पोटात जात आहे असे समजत होते, प्रत्यक्षात जात होते २०० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने प्रौढांसाठी ईपीए आणि डीएचए मिळून रोज २५० मिलिग्रॅम हे पुरेसे प्रमाण मानले आहे, आणि ‘मेंदूचे नेहमीचे कार्य टिकून राहण्यास हातभार लागतो’ असे म्हणण्याची मुभा रोज २५० मिलिग्रॅम डीएचए मिळत असेल तरच दिली आहे. या कसोटीला ही बाटली उतरते. मात्र ‘टिकून राहण्यास हातभार’ आणि ‘तल्लख’ या दोन शब्दप्रयोगांमध्ये जे अंतर आहे, तेच या संपूर्ण परीक्षणाचे कारण आहे.

ते अंतर समजण्यासाठी डीएचए मेंदूत नेमके काय करते ते पाहावे लागते, आणि हा भाग मला स्वतःला अतिशय सुंदर वाटतो. पाणी वजा केले तर मेंदूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचा असतो. चरबीचे साठे सोडले तर शरीरात दुसऱ्या कोणत्याही अवयवात एवढा मेद नाही. पण हा जाळण्यासाठी साठवलेला मेद नव्हे, हे बांधकामाचे सामान आहे. प्रत्येक चेतापेशीभोवतीचे पातळ पटल फॉस्फोलिपिडांच्या दोन थरांचे बनलेले असते आणि प्रत्येक फॉस्फोलिपिडाला मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. संपृक्त मेदाम्लाची शेपटी सरळ असते. असंपृक्त मेदाम्लात जेथे दुहेरी बंध येतो तेथे शेपटीला बाक पडतो, आणि डीएचएच्या २२ कार्बन अणूंच्या साखळीत असे तब्बल सहा दुहेरी बंध आहेत. सरळ काड्यांची मोळी गच्च बसते, तिच्यात बोट शिरत नाही. वाकड्या फांद्यांचा भारा मात्र सैल राहतो, त्यात जागा उरते. पेशीपटलाचेही तसेच आहे. डीएचए असलेले पटल लवचीक आणि प्रवाही राहते, आणि त्यात रुतलेली प्रथिने, म्हणजे संदेश झेलणारे ग्राहक आणि विद्युत्भारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या वाहिन्या, यांना हलायला आणि आकार बदलायला वाव मिळतो. म्हणूनच एका चेतापेशीचा निरोप दुसरीला मिळतो त्या चेतासंधींच्या पटलांमध्ये आणि डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाशग्राही पेशींमध्ये डीएचए इतक्या दाटीने आढळते. नवी आठवण तयार होते म्हणजे मेंदूतील हिप्पोकॅम्पससारख्या भागात चेतासंधी बळकट होतात किंवा नव्याने जुळतात. आणि नवी जोडणी करायची तर नवे पटल लागणारच.

सगळ्या मेंदूची पाककृती एकच नसते, हेही येथे नोंदवायला हवे. चेतातंतूंवर गुंडाळलेल्या मायलिनच्या आवरणात कोलेस्टेरॉल, लांब साखळीची संपृक्त मेदाम्ले आणि ओलेइक आम्लासारखी एकच दुहेरी बंध असलेली मेदाम्ले भरपूर असतात, कारण विद्युतरोधक वेष्टण घट्टच असावे लागते. ही सामग्री मेंदू बहुतांशी स्वतः बनवून घेतो. ओमेगा-३ आणि ओमेगा-६ या दोन घराण्यांतील मूळ मेदाम्ले मात्र माणसाचे शरीर मुळातून बनवू शकत नाही. काही मेदाम्ले आहारातूनच मिळावी लागतात, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये मेदविरहित आहारावरच्या उंदरांवरून दाखवून दिले. त्या उंदरांची वाढ खुंटली आणि शेपटीची त्वचा खवल्यांसारखी झाली. मेद म्हणजे केवळ उष्मांक, ही समजूत तेथे मोडली.

मग अळशी किंवा अक्रोडातून मिळणारे ओमेगा-३ पुरणार नाही का, असा प्रश्न मला एका मैत्रिणीने विचारला आणि तो योग्यच होता. वनस्पतींमधील ओमेगा-३ हे बहुतेक करून एएलए या स्वरूपात असते. त्यात १८ कार्बन आणि तीनच दुहेरी बंध. यकृत त्याची साखळी वाढवून, बंध जोडून डीएचए तयार करते खरे, पण हा रस्ता इतका अरुंद आहे की खाल्लेल्या एएलएचा फारच थोडा अंश शेवटपर्यंत पोहोचतो. तरुण स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा काहीसा जास्त असतो. शिवाय ओमेगा-६ घराण्यातील लिनोलेइक आम्ल हेच काम करणारी विकरे (एन्झाइम) वापरते, त्यामुळे आहारात ते फार झाले की रस्ता आणखी अडतो. मासे खाणाऱ्यांना तयार डीएचए मिळते, परंतु मासेही ते मुळात सूक्ष्मशैवालांपासूनच साखळीने मिळवतात. शैवालतेलाच्या कॅप्सूलमध्ये मधला मासा वगळलेला आहे, एवढाच फरक. मासे न खाणाऱ्या माणसाला थेट डीएचए देणारा जवळपास हाच एक मार्ग आहे, आणि या उत्पादनाची माझ्या मते ही सर्वांत भक्कम बाजू आहे.

घेण्याच्या वेळेविषयी वेष्टनावर ‘दिवसातून केव्हाही’ एवढेच लिहिले आहे, ते अपुरे आहे. तेल पचायला पित्तरस स्रवावा लागतो आणि तो जेवणातील स्निग्धतेमुळे सुटतो, म्हणून कॅप्सूल रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा पोटभर जेवणाबरोबर घेतलेली बरी. आईने सुरुवातीला ती सकाळी उठल्या उठल्या घेतली, तेव्हा दुपारपर्यंत तिला समुद्री वासाच्या ढेकरा येत राहिल्या. दुपारच्या जेवणाबरोबर घ्यायला लागल्यावर तो त्रास थांबला. कॅप्सूल मात्र आकाराने मोठी आहे आणि वयस्कर माणसाला गिळायला जड जाते, ही उणीव राहतेच.

‘३० दिवसांत’ या दाव्याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण मेंदूचा स्वतःचा हिशेबच वेगळा आहे. रक्तातले डीएचए मेंदूत सरळ झिरपत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसराच्या पेशींवर एमएफएसडी-२ए नावाचे वाहक प्रथिन असते आणि लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन या फॉस्फोलिपिडाला जोडलेले डीएचए ते आत नेते. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हे दाखवले. प्रौढ मेंदू दिवसाला साधारण ४ मिलिग्रॅम डीएचए आत घेतो, आणि मेंदूतील डीएचएचा निम्मा साठा बदलायला सुमारे अडीच वर्षे लागतात, असा अंदाज माणसांच्या मेंदूच्या चित्रणातून २००९ मध्ये मांडला गेला. दिवसाला ४ म्हणजे महिन्याला १२० मिलिग्रॅम, आणि मेंदूतला एकूण साठा काही ग्रॅमचा. एका बाटलीच्या मुदतीत त्या साठ्याचा दोन-तीन टक्केच भाग नवा होणार. कॅप्सूलमध्ये ४०० मिलिग्रॅम आहेत म्हणून मेंदू ते सगळे उचलत नाही. उरलेले शरीरातील इतर पेशींमध्ये जाते किंवा ऊर्जेसाठी जळते. महिनाभरात फरक न पडल्यामुळे निराश होऊन कोणी तेल सोडून देईल, आणि दुसरा कोणी महिन्यातच फरक पडला असे मानून तपासण्या टाळेल. हे दोन्ही धोके त्या एका ओळीने निर्माण केले आहेत.

बाटलीबरोबर एक घडीपत्रिका येते. तिच्यात ‘ओमेगा-३ जास्त असलेल्यांचा मेंदू मोठा’ असे वाक्य आहे. ते निराधार नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या दीर्घकालीन आरोग्य-अभ्यासातील सरासरी ४६ वर्षांच्या २,१८३ निरोगी व्यक्तींमध्ये, ज्यांच्या तांबड्या पेशींत ओमेगा-३चे प्रमाण अधिक होते त्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने मोठा आढळला. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०१४ मध्ये एक हजाराहून अधिक वयस्क स्त्रियांच्या अभ्यासात, हे प्रमाण मोजल्यानंतर आठ वर्षांनी केलेल्या एमआरआयमध्ये असाच संबंध दिसला होता. पण हे दोन्ही निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ जास्त, ते बहुधा चालतात-फिरतात अधिक, शिकलेले अधिक, एकूणच जपून राहणारे असतात. अशा घटकांचा परिणाम गणिताने कितीही वजा केला तरी तो पूर्णपणे वजा झाला असे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष कॅप्सूल देऊन केलेल्या चाचण्यांकडे वळले की चित्र मंदावते, आणि याविषयी पत्रिका मौन पाळते. २०१० मध्ये दोन महत्त्वाच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या आणि दोन्हींमध्ये शैवालापासूनचेच डीएचए वापरले होते. पहिलीत अल्झायमर झालेल्या ४०२ रुग्णांना १८ महिने रोज २ ग्रॅम डीएचए किंवा निष्क्रिय कॅप्सूल दिल्या. ना विस्मरणाची गती कमी झाली, ना मेंदू आक्रसण्याची. दुसरीत आजार नसलेल्या, पण वयोमानाने विसरू लागलेल्या ४८५ व्यक्तींना २४ आठवडे रोज ९०० मिलिग्रॅम डीएचए दिले, आणि जोड्या लक्षात ठेवण्याच्या कसोटीत त्यांच्या चुका निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. ही उमेद देणारी गोष्ट आहे, परंतु हे काम तेल बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित संशोधकांनी केलेले होते, आणि तेथील मात्रा या बाटलीच्या दुपटीहून अधिक होती. नंतर २०१७ मध्ये फ्रान्समधील १,६८० वृद्धांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए देऊनही स्मरणशक्तीत लक्षणीय फरक आढळला नाही. मला यातून जे उमगते ते असे : बांधकाम चालू असताना सामान कमी पडू नये हे महत्त्वाचे, पण भिंत ढासळू लागल्यावर अंगणात विटांचा ढीग लावून ती उभी राहत नाही. गर्भावस्थेचे शेवटचे तीन महिने आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे, या काळात मेंदूत डीएचए सर्वांत वेगाने साठते, हेही याला धरूनच आहे.

हे सारे वाचून मी घरी एक वही केली. दर रविवारी आईला दहा शब्दजोड्या वाचून दाखवायच्या, ‘कंदील – नाव’, ‘उशी – पायरी’ अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या, आणि अर्ध्या तासाने पहिला शब्द सांगून दुसरा विचारायचा. पहिल्या रविवारी तिला तीन आल्या. चौथ्या महिन्यापर्यंत ती सहा-सात सांगू लागली आणि आम्ही दोघी आनंदलो. मग मी वही उलगडून पाहिली तेव्हा ध्यानात आले की ती आता प्रत्येक जोडीचे मनात चित्र करते आहे. नावेत ठेवलेला कंदील, पायरीवर पडलेली उशी. ही युक्ती तिने स्वतःच शोधली होती. सुधारणा सरावाची की तेलाची, हे एका वहीवरून कोणीही सांगू शकणार नाही, आणि म्हणून त्या गुणांचे श्रेय मी या उत्पादनाला देत नाही. नावे अजूनही अडतात, पण ती आता घाबरत नाही.

एक गोष्ट मात्र निश्चितपणे मोजता आली. तांबड्या पेशींच्या पटलातील ईपीए आणि डीएचएचे शेकडा प्रमाण, ज्याला ओमेगा-३ निर्देशांक म्हणतात, ते आम्ही सुरू करण्यापूर्वी आणि चार महिन्यांनी तपासले. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने त्याहून लवकर तपासण्यात फारसे हशील नव्हते. या निर्देशांकात ४ टक्क्यांहून कमी प्रमाण अपुरे आणि ८ टक्क्यांहून अधिक चांगले समजले जाते. आई तळच्या पट्ट्यातून मधल्या पट्ट्यात आली. म्हणजे कॅप्सूलमध्ये सांगितलेले डीएचए खरोखरच आहे आणि ते शरीरात पोहोचते आहे.

आता तक्रार. तिसरी बाटली उघडली तेव्हा झाकणाखालूनच उग्र दर्प आला. मी एक कॅप्सूल सुईने टोचून थेंब बशीत घेतला. आधीच्या बाटल्यांतले तेल फिकट पिवळे आणि जवळजवळ गंधहीन होते, हे गडद होते आणि त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा खवट वास होता. ज्या सहा दुहेरी बंधांमुळे डीएचए मेंदूला उपयोगी पडते, तेच बंध प्राणवायूने सर्वांत आधी तुटतात; उष्णता आणि उजेड मिळाला की हे काम झपाट्याने होते. उद्योगातील प्रचलित मर्यादेनुसार अशा तेलाच्या खवटपणाची दोन मापे, म्हणजे पेरॉक्साइड अंक ५ हून आणि एकूण ऑक्सिडीकरणाचा अंक २६ हून, अधिक असू नयेत. मी उत्पादकाला पत्र लिहून त्या खेपेचे हे अंक मागितले. त्यांनी बाटली तत्परतेने बदलून दिली, सौजन्याने दिली, पण अंक दिले नाहीत. पारदर्शक बाटलीऐवजी गडद बाटली वापरावी, ही सूचना मी पुन्हा एकदा येथे करते. वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी एक कॅप्सूल फोडून वास घ्यावा. बाहेरचे आवरण सगळे झाकून ठेवते.

पत्रिकेत आणखी एका गोष्टीचा उल्लेख हवा होता. एका मेदाम्लाची भर घालताना आहारातील बाकीचे मेद तसेच राहिले तर फारसे साधत नाही. जपानमधील हिसायामा येथे ६० वर्षांवरील १,६२८ व्यक्तींचा सुमारे दहा वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांच्या रक्तात एलायडिक आम्ल, म्हणजे अंशतः हायड्रोजनीकृत तेलांतून येणारे मुख्य ट्रान्स मेदाम्ल, जास्त होते त्यांच्यात स्मृतिभ्रंश अधिक आढळला. ट्रान्स मेदाम्लात दुहेरी बंध असतो, पण बाक जवळजवळ नसतो. शेपटी सरळच राहते. हाही निरीक्षणात्मक अभ्यास आहे, हे विसरून चालणार नाही, तरीही असे मेद टाळण्यात नुकसान काहीच नाही आणि त्यासाठी बाटलीही लागत नाही.

सुरक्षिततेबाबत या मात्रेला आम्हाला कोणताही त्रास झाला नाही. मात्र ग्रॅमच्या घरातील मोठ्या मात्रांनी हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा एक प्रकार, एट्रियल फिब्रिलेशन, याचा धोका वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. ‘अधिक परिणामासाठी दुप्पट घ्या’ असे वेष्टनावर एका कोपऱ्यात लिहिले आहे, ते उत्पादकाने काढून टाकावे.

मासे न खाणाऱ्यांनी, ज्यांचा निर्देशांक कमी आहे अशांनी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदर स्त्रियांनी या कॅप्सूल घ्यायला हरकत नाही. तेल चांगले आहे, मात्रा योग्य आहे. आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्याला त्यांची गरज मला दिसत नाही, आणि ज्यांच्या घरी अल्झायमरचे निदान झाले आहे त्यांनी या कॅप्सूलवर आशा टांगू नये. आम्ही पुढची बाटली मागवली आहे. ती फ्रिजच्या दारात, उजेडापासून दूर राहील, आणि रविवारची वहीही चालू राहील. या आठवड्याच्या दहा जोड्या आईने स्वतःच काढून ठेवल्या आहेत.